यमाताराजभानसलगा आणि पांडा

शाळेत वृत्तं शिकताना पाठ केलेली ही दहा अक्षरं आठवतात? य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गा. जो गण हवा त्याच्या अक्षरापासून तीन अक्षरं घ्यायची. ‘यमाता’ म्हणजे लघु-गुरु-गुरु, झाला य गण. ‘मातारा’ तिन्ही गुरु, तो म गण. यातली खरी कमाल मात्र वर्गात सहसा कुणी सांगत नाही. लघु-गुरुची त्रिकुटं होतात एकूण आठ, आणि ती आठही या दहा अक्षरांत येतात, प्रत्येक बरोबर एकदाच! सुटी लिहिली तर चोवीस अक्षरं लागली असती. इथं प्रत्येक त्रिकूट आधीच्याची शेवटची दोन अक्षरं उसनी घेतं.

आता उलटं करा. आठ त्रिकुटांच्या लघु-गुरु खुणा आठ चिठ्ठ्यांवर लिहा आणि पिशवीत हलवा. त्यातून पुन्हा एक सलग ओळ लावता येईल?

जीवशास्त्रापुढे नेमकं हेच कोडं होतं, फक्त चिठ्ठ्या कोट्यवधी. डीएनएची लिपी चार अक्षरांची: ए, टी, जी, सी. माणसाच्या एका संचात, म्हणजे जीनोममध्ये, अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात, आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाचणारं यंत्र नाही. एकाच पोथीच्या पन्नास प्रती फाडून तुकडे कालवावेत, पानांवर आकडेही नसावेत आणि त्यातून पोथी लावायची, असं हे काम.

सरळ वाट अशी, की एका तुकड्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याशी जुळते का ते पाहत जायचं. याच वाटेनं सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जिम केंटनं कमाल केली. हा चाळिशीचा गृहस्थ तेव्हा जीवशास्त्रात पीएचडी करत होता. त्याआधी तो अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअरं लिहायचा. चार आठवड्यांत त्यानं सुमारे दहा हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. टाइप करून दुखणारी मनगटं तो बर्फात ठेवायचा म्हणे. २२ जून २००० ला मानवी जीनोम वाचणाऱ्या सरकारी प्रकल्पाची पहिली जुळणी तयार झाली. विद्यार्थ्यानं!

पुढं यंत्रं स्वस्त आणि भलतीच वेगवान झाली, पण तुकडे आणखी चिमुकले पडायला लागले. मग सरळ वाट तुंबली. प्रत्येक तुकडा म्हणजे एक गाव मानलं, तर सगळ्या गावांना एकेकदाच भेट देणारा रस्ता शोधायचा. हे ऐकायला सोपं, पण गावं वाढली की सगळ्या शक्यता तपासायला विश्वाचं वयही पुरू नये. झटपट रीत आजवर कुणाला सापडलेली नाही.

आणि इथं मदतीला धावून आला कोण? १७३५ सालचा गणिती ऑयलर. कोनिग्सबर्ग शहरात सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरून येता येईल का, असं लोक विचारत. सेंट पीटर्सबर्गला बसून त्यानं सांगितलं: नाही. का, तर नदीनं तोडलेल्या चारही भागांना जोडणाऱ्या पुलांची संख्या विषम आहे. शहर न फिरता, नुसतं पूल मोजून! गावं गाठण्याचा प्रश्न महाकठीण, पूल ओलांडण्याचा मात्र असा चुटकीसरशी सुटणारा.

मग तुकड्याला गाव मानायचंच कशाला? पूल माना! ‘लघु-गुरु-गुरु’ ही चिठ्ठी म्हणजे ‘लघु-गुरु’ बेटावरून ‘गुरु-गुरु’ बेटावर नेणारा पूल. चार बेटं, आठ पूल. प्रत्येक बेटावर दोन पूल येतात, दोन निघतात, म्हणजे फेरी हमखास होणार. आणि पाहा, आपलं सूत्र ‘यमा’ वरून निघून ‘लगा’ वर, म्हणजे पुन्हा त्याच लघु-गुरु बेटावर पोचतं. चिठ्ठ्या त्याच, माहिती तीच, फक्त पाहण्याची बाजू बदलली.

असे नकाशे डच गणिती डी ब्रॉइन यांनी १९४६ साली मांडले. डीएनएची रचना कळायला तेव्हा सात वर्षं बाकी होती. २००१ साली पावेल पेव्हझ्नर आणि सहकाऱ्यांनी ते डीएनएच्या तुकड्यांना लावले. २००८ मध्ये त्यांवर आधारलेलं ‘व्हेल्वेट’ हे सॉफ्टवेअर आलं. ते लिहिणाऱ्या दोघांपैकी डॅनियल झर्बिनो पुन्हा पीएचडीचाच विद्यार्थी.

२०१० साली पांडाचा जीनोम याच तंत्रानं लागला. जीनोम सुमारे २४० कोटी अक्षरांचा आणि तुकडा सरासरी किती लांब? ५२ अक्षरं!

अर्थात खोड आहेच. त्या आठ चिठ्ठ्यांतून लघु-गुरुच्या दुसऱ्या ओळीही निघतात. जीनोममध्ये तर पुनरुक्तीचा सुकाळ: ‘अ‍ॅलू’ नावाचा सुमारे तीनशे अक्षरांचा तुकडा आपल्यात दहा लाखांहून जास्त वेळा येतो. अशा प्रत्येक जागी वाटा एकमेकींत गुंततात. हजारो अक्षरं एका दमात वाचणारी यंत्रं आली तेव्हा कुठे, २०२२ मध्ये, माणसाच्या जवळपास सगळ्या जीनोमची बिनतुटीची ओळ प्रसिद्ध झाली.

पण ती ओळ कुणाची? तुमची-माझी नव्हेच. कुठल्याही दोघांत हजार अक्षरांमागे साधारण एक वेगळं निघतं. म्हणून २०२३ मध्ये ४७ जणांच्या जीनोमचा एकत्र मसुदा आला, तो ओळ म्हणून नाही, नकाशा म्हणून. जिथं माणसं सारखी तिथं एकच वाट, जिथं वेगळी तिथं फाटा, आणि पुढं वाटा पुन्हा एक.