माळावरचें मांडूळ

बीड शहर सोडून, मांजरसुंब्याचा घाट चढून, पाटोद्याच्या बाजूस निघालेल्या प्रवाशास बालाघाटच्या माथ्यावर जो देखावा दिसतो, त्यास रमणीय म्हणणारे लोक थोडेच आढळतील. मुरमाड जमीन, तिच्यावर गुडघाभर उंचीचें कुसळी गवत, मधून मधून एखादें हिंवराचें किंवा बाभळीचें खुरटें झाड, बोरी-तरवडांचीं झुडपें आणि दूरवर मेंढ्यांचा एखादा कळप, एवढेंच काय तें तेथें असतें. पावसाळ्यांत हा माळ हिरवा होतो, कार्तिकांत सोनेरी दिसतो आणि चैत्र-वैशाखांत इतका उजाड भासतो कीं, येथें कांहीं जगत असेल यावर परक्याचा विश्वास बसूं नये. सरकारी दप्तरांत अशा भूमीस ‘पडीक’ हें नांव फार दिवसांपासून चिकटलेलें आहे. शेतकरी तिला माळ म्हणतो, गुराखी गायरान म्हणतो. आणि ज्या प्राण्याची हकीकत येथें सांगावयाची आहे, तो दिवसाचा बहुतेक वेळ तिच्या पोटांत, भुसभुशीत मातींत किंवा उंदराच्या बिळांत, स्वस्थ पडून काढतो. हा प्राणी म्हणजे मांडूळ होय.

मांडूळ हा एक साप आहे, आणि तो अगदीं बिनविषारी साप आहे. हें आरंभींच सांगणें अवश्य आहे. कारण त्याच्याविषयीं जेवढ्या कथा खेड्यापाड्यांत चालतात, तेवढ्या नागाविषयींहि क्वचितच चालत असतील. त्याला ‘दुतोंड्या’ असेंहि म्हणतात. दोन्हीं टोकांस दोन तोंडें असून, सहा महिने तो एका तोंडानें चालतो व सहा महिने दुसऱ्या तोंडानें चालतो, असा समज आजहि कित्येक ठिकाणीं आढळतो. वस्तुतः दुसरें तोंड म्हणजे त्याचें शेपूट होय. इतर सापांचें शेपूट निमुळतें होत जातें. मांडुळाचें मात्र आखूड, जाड व बोथट असतें, आणि डोकेंहि मानेपासून वेगळें ओळखूं येत नाहीं. संकट आलें म्हणजे हा प्राणी अंगाचें वेटोळें करून डोकें त्याखालीं दडवितो आणि शेपूट वर उचलून हालवितो. शत्रूनें त्या शेपटासच डोकें समजून तेथें चावा घेतला, तर जीव वांचतो. ज्या युक्तीनें तो घार-मुंगुसांना फसवितो, तिनें माणूसहि फसला, एवढाच ‘दोन तोंडां’चा अर्थ आहे.

त्याचा रंग तांबूस, कधीं पिवळसर तर कधीं काळपट असतो; पिल्लांच्या शेपटावर काळसर पट्टे असतात व ते वयाबरोबर पुसट होतात. पुरें वाढलेलें मांडूळ साधारणतः दोन-तीन फूट भरतें. त्याचें नाकाड पाचरीसारखें असल्यामुळें मोकळी माती उकरीत तें सहज आंत शिरतें. डोळे बारीक असतात, कारण त्याचा व्यवहार रात्रीचा व बहुतांशीं जमिनीखालचा. उंदीर हें त्याचें मुख्य भक्ष्य. भक्ष्यास विळखा घालून, आवळून मारावयाचें व मग गिळावयाचें, ही अजगराची रीत त्यानें लहान प्रमाणावर चालविलेली आहे. आणखी एक गोष्ट अशी कीं, मांडुळाची मादी अंडीं घालीत नाहीं. ती जिवंत पिल्लांस जन्म देते, व एका वेतास चौदापर्यंत पिल्लें होऊं शकतात.

शास्त्राच्या पोथींत या सापाची नोंद १८०१ सालीं झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत पूर्वीं राहिलेल्या पॅट्रिक रसेल या डॉक्टरानें ती केली, आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथें राहणाऱ्या जॉन नांवाच्या मिशनरी निसर्गाभ्यासकाच्या सन्मानार्थ त्यानें सापास ‘जॉनी’ हें नांव दिलें. गंमत अशी कीं, याच रसेलचें नांव पुढें इंग्रजींत आपल्या घोणसीस मिळालें. निरुपद्रवी मांडुळाची ओळख ज्यानें करून दिली, त्याच्या नांवानें देशांतील अत्यंत घातक सापांपैकीं एक ओळखला जावा, हा योगायोग विलक्षण खरा! या दोघांमध्यें घोटाळा मात्र रसेलपुरता राहिलेला नाहीं. मांडुळाचा एक भाऊबंद याच माळावर राहतो. त्यास डुरक्या घोणस म्हणतात. तोहि बिनविषारी, परंतु अंगावरील ठिपक्यांमुळें तो खऱ्या घोणसीसारखा दिसतो, आणि त्यामुळें काठीखालीं मरतो. उलट, घोणसीच्या पिल्लास डुरक्या समजून हातीं धरणारा जिवास मुकण्याचा संभव असतो. ज्यास पक्की ओळख नाहीं त्यानें कोणताच साप हातीं धरूं नये, हा नियम म्हणून दोघांच्याहि हिताचा आहे.

आतां, जो प्राणी कोणास चावून मारीत नाहीं, उलट उंदीर खाऊन शेताचें राखण करतो, तो संकटांत यावा कां? नागास मनुष्य भीतीनें मारतो. मांडुळाच्या मुळावर मनुष्याचा लोभ आला आहे. मांडूळ घरांत ठेविल्यानें लक्ष्मी नांदते, त्याच्या योगानें गुप्तधन सांपडतें, मंत्रविधि केल्यास पैशांचा पाऊस पडतो, त्याच्या अंगीं दुर्धर रोग बरे करण्याचें सामर्थ्य आहे, अशा नाना वावड्या महाराष्ट्रांत व शेजारच्या प्रांतांत उठल्या. यांतील एकहि गोष्ट कधीं सिद्ध झालेली नाहीं. तरीहि त्यांवर एक चोरटा बाजार उभा राहिला आहे आणि त्यांत सापाचा भाव वजनावर ठरतो. दोन किलोच्या वर गेला तर इतके लाख, तीन किलोच्या वर गेला तर इतके, असे आंकडे कानोकानीं फिरतात. मग वजन वाढविण्याकरितां त्या मुक्या जीवाच्या घशांत नको त्या वस्तु कोंबण्याचे प्रकारहि घडतात.

या बाजाराचा खरा आवांका कोणास मोजतां येणार? तथापि वन्यजीवांच्या क्षेत्रांत काम करणाऱ्या एका संस्थेनें वृत्तपत्रांतील बातम्या गोळा करून २०१६ ते २०२१ या काळाचा हिशेब मांडला. त्यांत देशभर मांडूळ जप्तीचे १७२ प्रसंग आढळले, आणि सर्वांत अधिक, म्हणजे ५९, एकट्या महाराष्ट्रांतील होते. जे पकडले गेले व ज्यांची बातमी छापली गेली तेवढेच हे. न पकडलेल्यांची गणती यांत नाहीं. जागतिक पातळीवर मांडुळाची गणना ‘संकटाच्या उंबरठ्यावरील’ जातींत होते व त्याची संख्या घटत आहे असें मानलें जातें.

या व्यवहारांत फसणारा मनुष्य कोण, हेंहि पाहावयास पाहिजे. बीड जिल्ह्याच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत पावसाची खात्री नाहीं. हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास कोयते बांधून ऊसतोडीसाठीं सांगली-कोल्हापुराकडे व कर्नाटकांत जातात, आणि उचलीचे पैसे फेडून वैशाखांत परततात. अशा मनुष्यास कोणी दलाल येऊन सांगतो, ‘माळावर एक साप शोधून दे, लाखांची सोय होईल.’ त्याच्या सात पिढ्यांनीं त्या सापास हात लावलेला नसतो; पण कर्जाचा आंकडा डोळ्यांपुढें असतो. तो साप शोधतो. गिऱ्हाईक म्हणून जो पुढें येतो, तो पुष्कळदां दुसरा ठक असतो किंवा वेष बदललेला पोलीस असतो. पैशांचा पाऊस कोणावर पडत नाहीं. हातांत बेड्या मात्र पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मांडूळ पकडणें, बाळगणें, विकणें हे सर्व गुन्हे आहेत आणि त्यांस तुरुंगवास व दंड अशा शिक्षा आहेत. मागें बसलेला दलाल बहुधा सुटतो, हें दुःख निराळें.

महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याचाहि येथें संबंध पोहोंचतो. गुप्तधनासाठीं अघोरी कृत्यें करणें हा त्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. इतकेंच नव्हे, तर साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचार घेऊं न देतां मंत्रतंत्र, गंडेदोरे करीत बसणें हाहि गुन्हा आहे. मांडुळाचा मंत्र आणि सर्पदंशाचा मंत्र हे एकाच पोतडींतले आहेत, हें कायदा करणाऱ्यांनीं ओळखलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु चोरट्या बाजाराचा उद्यां पुरा बंदोबस्त झाला, तरी मांडूळ वांचेलच असें नाहीं. त्याचें घरच हरवत चाललें आहे. माळरान म्हणजे उजाड झालेलें जंगल, ही समजूत शिकलेल्या लोकांतहि दृढ आहे. एके काळीं येथें घनदाट अरण्य होतें, माणसानें तें तोडलें, म्हणून हा माळ उरला, असें मानावयाचें; आणि मग तो ‘सुधारण्या’साठीं त्यावर खड्डे खणून गिरिपुष्पाचीं व सुबाभळीचीं रोपें लावावयाचीं. २०१९ सालीं एका हंगामांत ३३ कोटी रोपें लावण्याचा संकल्प राज्यानें सोडला होता. हेतु चांगलाच होता. पण गवताच्या भूमीवर दाट सावली आली कीं गवत मरतें, आणि गवताबरोबर त्यावर जगणारें सारें कुळ उठतें.

माळ हें बिघडलेलें जंगल नव्हे, याचा एक सुरेख पुरावा अलीकडे मराठी साहित्यांतूनच पुढें आला आहे. आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनीं तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, आख्यानें, लोकगीतें यांतून झाडाझुडपांचे उल्लेख वेंचले व ते २०२५ सालीं प्रसिद्ध केले. रानांतल्या ज्या वनस्पति त्यांत आढळल्या, त्यांपैकीं बहुतेक उघड्या, गवताळ माळावर वाढणाऱ्या निघाल्या. दाट वनांतल्या फारच थोड्या. म्हणजे सातशें-साडेसातशें वर्षांपूर्वींहि दख्खनच्या कोरड्या पट्ट्यांत हिंवर, बाभूळ, तरवड व गवत हेंच चित्र होतें. आद्यकवि मुकुंदराजांची समाधि ज्या अंबाजोगाईस दाखविली जाते, तो मुलूख याच कोरड्या पट्ट्याच्या कडेस आहे. मराठी भाषा जितकी जुनी, निदान तितका तरी हा माळ जुना.

सगळ्या भारताचा विचार केला, तर कोरड्या प्रदेशांतील अशीं उघडीं रानें देशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर पसरलेलीं आहेत, आणि त्यांचा शेंकडा ५ देखील भाग अभयारण्यांत आलेला नाहीं. वाघाच्या जंगलास जें संरक्षण मिळालें, तें लांडग्याच्या, काळविटाच्या व मांडुळाच्या माळास मिळालें नाहीं. त्याचा परिणाम काय होतो हें पाहण्यास दूर जावयास नको. शेजारच्या सोलापूर-अहिल्यानगर जिल्ह्यांत १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं अभयारण्य जाहीर झालें. तरी भोंवतालचा माळ नांगराखालीं गेला आणि माळढोक तेथून जवळजवळ नाहींसा झाला.

दूरचें उदाहरणहि बोधक आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत लांब पानांच्या पाइन वृक्षांचीं विरळ वनें होतीं. वर तुरळक पाइन, खालीं सर्वत्र गवत. एके काळीं तीं सुमारे ९ कोटी एकरांवर होतीं, तीं घटत घटत ३० लाख एकरांवर आलीं. त्यांपैकीं लुइझियाना व टेक्सास येथील वनांत एक मोठा बिनविषारी साप राहतो, त्यास लुइझियाना पाइन सर्प म्हणतात. तो स्वतः घर बांधीत नाहीं. उंदराच्या जातीचा, गोफर नांवाचा एक प्राणी बिळें खणतो, त्यांतच हा राहतो आणि त्यासच खातो. लोकांनीं वणवे थांबविले, तेव्हां झुडपें माजलीं. झुडपें माजलीं तेव्हां गवत गेलें. गवताबरोबर गोफर गेला आणि गोफरामागून साप. तो इतका दुर्मिळ झाला कीं, २०१८ सालीं सरकारनें त्यास संकटग्रस्त ठरविलें. आतां प्राणिसंग्रहालयांत त्याचीं पिल्लें वाढवून २०१० पासून तीं रानांत सोडलीं जात आहेत; पण सोडण्यापूर्वीं त्या रानांत देखरेखीखालीं आग लावून झुडपें हटवावीं लागतात, गवत परत आणावें लागतें. यावरून बीडच्या माळावर कोणी काडी ओढावी असें मात्र नव्हे. तेथील गवत वणव्यावर, तर येथील गवत मुख्यतः पावसावर आणि बेताच्या चराईवर टिकतें. मेंढ्यांचा कळप येऊन पुढें गेला तर गवतास अपाय नाहीं. बारा महिने तेथेंच बसला तर मात्र मूळ उरत नाहीं. पाटोदें तालुक्यांत नायगांव येथें १९९४ सालापासून मोरांसाठीं सुमारे ३० चौरस किलोमीटरांचें अभयारण्य आहे, तें नांवानें मोराचें असलें तरी त्यांतील झुडपी माळावर सरपटणाऱ्यांनाहि आसरा मिळतो. शिरूर कासार तालुक्यांत तागडगांव येथें ‘सर्पराज्ञी’ हें जखमी वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणारें केंद्र चालतें. अशीं ठिकाणें थोडीं. गायरानें मात्र गांवोगांव आहेत, आणि मांडुळाचें भवितव्य त्यांवरच अवलंबून आहे.

जप्त केलेल्या मांडुळाचा प्रश्न तर वेगळाच. तें कोणत्या गांवच्या कोणत्या बांधावरून उचललें, हें दलाल सांगत नाहीं. मग त्यास सोडावयाचें कोठें? अनोळखी रानांत सोडलेल्या सापास बीळ ठाऊक नसतें, भक्ष्याची वाट ठाऊक नसते. म्हणून जेथें सांपडलें तेथेंच राहूं देणें हा उपाय सर्वांत सोपा. घरांत किंवा वस्तींत निघालें, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा. आणि मृगाच्या आधीं नांगरट चालली असतां ढेकळाबरोबर एखादें वर आलें, तर शेतकऱ्यानें बैल किंवा ट्रॅक्टर घटकाभर थांबवावा, फावड्यावर घेऊन त्यास बांधाच्या सावलींत ठेवावें आणि आपलें काम पुढें चालू करावें. अंधार पडला म्हणजे तें आपलें आपण मातींत शिरतें.