सार्थक अंक : आकडा किती खरं बोलतो?

आज आपण सुरुवात एका शिखरापासून करू. १८५६ साली भारतीय सर्वेक्षण खात्याचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी 'शिखर १५'ची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची जाहीर केली : २९,००२ फूट. या गणितात राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. किस्सा असा सांगतात, की वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या मापांची सरासरी बरोबर २९,००० आली होती. पण तेवढंच छापलं असतं, तर लोकांना वाटलं असतं की यांनी अंदाजे ठोकून दिलंय. म्हणून वर दोन फूट चढवले!

किस्सा गमतीचा आहे, पण त्यातली अडचण खरी आहे. २९,००० मधली तीन शून्यं मोजून आलेली आहेत की नुसती जागा भरायला बसलेली आहेत, हे आकडा बघून कळत नाही. जे अंक खरोखर मोजून आले, त्यांना आपण सार्थक अंक म्हणतो.

नियम सोपे आहेत. शून्य नसलेला प्रत्येक अंक सार्थक. दोन सार्थक अंकांमधलं शून्यही सार्थक. २९,००२ मध्ये पाच सार्थक अंक आहेत. सुरुवातीची शून्यं मोजायची नाहीत, ०.००४५ मध्ये फक्त दोन. दशांश चिन्हानंतर शेवटी येणारं शून्य मात्र मोजायचं. २.५० मीटर म्हणजे सेंटिमीटरपर्यंत मोजलंय, २.५ म्हणजे तेवढं नाही. मग २९,००० चं काय? ते २.९००० गुणिले १० चा चौथा घात असं लिहायचं. पाचही अंक सार्थक आहेत हे लगेच दिसतं, वरचे दोन फूट लागतच नाहीत.

आता राउंड ऑफ करणं, म्हणजे आसन्न किंमत काढणं. टाकायचा अंक पाचपेक्षा लहान असेल तर आधीचा तसाच ठेवा, मोठा असेल तर एकनं वाढवा. नेमका पाच असेल, तर शाळेत आपण वाढवतो. शास्त्रीय कामात बरेचदा जवळची सम संख्या घेतात, म्हणजे १२.५ चे १२ आणि १३.५ चे १४. त्यामुळे सगळी बेरीज एकाच बाजूला झुकत नाही. आणि हे काम एकदाच, अगदी शेवटी करायचं. २.४४९ चे दोन सार्थक अंक ठेवले तर २.४ येतात. पण आधी २.४५ आणि मग २.५ केलंत, तर चूक!

गुणाकार-भागाकारात उत्तराला सर्वांत कमी सार्थक अंक असलेल्या मापाइतकेच अंक ठेवायचे. खोलीची एक बाजू ४.२ मीटर, दुसरी ३.१७ मीटर. कॅल्क्युलेटर १३.३१४ दाखवेल. आपण लिहायचं १३ चौरस मीटर. बाकीचे अंक यंत्राचे आहेत, मोजमापाचे नाहीत.

हे फक्त परीक्षेपुरतं आहे का? नाही. घरात पोराचं अंग जरा गरम लागलं की आपण थर्मामीटर लावतो. ९८.६ च्या वर ९९ दिसलं, की काळजी सुरू. हा ९८.६ आला कुठून? एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या तापमानाच्या नोंदी घेऊन ३७ अंश सेल्सिअस हे सर्वसाधारण तापमान सांगितलं. त्याचं फॅरनहाइटमध्ये रूपांतर करताना गणितातून ९८.६ आलं. म्हणजे दशांशानंतरचा तो सहा कुणी मोजलेला नाही! दोन सार्थक अंकांचं ३७ म्हणजे ३६.५ ते ३७.५ च्या मधलं काहीही, फॅरनहाइटमध्ये ९७.७ ते ९९.५. शिवाय सकाळ-संध्याकाळ तापमान बदलतंच. तेव्हा पोर हसतंखेळतं असेल, तर नुसत्या ९९ ला घाबरायचं कारण नाही.

म्हणून पुढच्या वेळी लांबलचक आकडा दिसला, की आपण एकच प्रश्न विचारू : यातले मोजलेले अंक किती? पुढच्या व्याख्यानात बेरीज-वजाबाकीचा नियम बघू. तो थोडा वेगळा आहे.