चेतापेशींसाठी छापलेली वीजवाट

थ्रीडी प्रिंटरमधून आता मेंदू छापून निघतो, असं अनेकांना वाटतं. खरं तर बहुतेक वेळा छापली जाते ती चेतापेशींची बैठक: वीज वाहणारी, पेशींना न मारणारी पट्टी किंवा जाळी. पेशी तिच्यावर नंतर सोडतात. काही प्रयोगशाळा पेशी मिसळलेली शाईही वापरतात. मिनेसोटा विद्यापीठात 2018 मध्ये मज्जारज्जूसाठी तसा सांगाडा छापला गेला. पण तो सांगाडाच, मज्जारज्जू नव्हे.

प्लास्टिकमधून वीज जात नाही, हा शाळेपासूनचा समज. तो 1977 मध्येच मोडीत निघाला. शिराकावा, मॅक्डायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला आयोडीनची वाफ दिली आणि ते धातूसारखं वीज वाहू लागलं; 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्याबद्दलच मिळालं. चेतापेशींच्या कामात आज सर्रास दिसतं ते पेडॉट-पीएसएस हे वीजवाहक पॉलिमर. ते पाण्यात मिसळलेलं, गडद निळं असतं, म्हणून इंकजेटनेही छापता येतं. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, पेशीत मात्र सोडियम-पोटॅशियमचे आयन ये-जा करतात. या पॉलिमरमधून दोन्ही जातात, आणि त्याचं खरं मोल तेच आहे.

‘वीज दिली की चेतापेशी वाढते’ हा समज सगळ्यात चिवट. त्याला आधार म्हणून 1997 चा एक सुंदर प्रयोग सांगता येतो. क्रिस्टीन श्मिट, रॉबर्ट लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिपायरॉल या वीजवाहक पॉलिमरच्या पातळ थरावर उंदराच्या पीसी-12 पेशी वाढवल्या आणि थराला दोन तास 100 मिलिव्होल्ट दाब दिला. पेशींना फुटलेल्या तंतूंची मध्यक लांबी सुमारे 18 मायक्रोमीटर भरली. वीज न दिलेल्या पेशींत ती साडेनऊच होती. फरक जवळजवळ दुपटीचा. पण या पेशी अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतल्या होत्या, माणसाच्या मेंदूतल्या नव्हेत. शिवाय श्मिट यांच्याच पुढच्या कामात दिसलं, की वीज दिल्यावर थरावर प्रथिनं जास्त चिकटतात. म्हणजे परिणामाचा काही भाग पेशीला बसलेल्या धक्क्याचा नसून पायाखालची जमीन बदलल्याचा असू शकतो. मला हा तपशील मूळ आकड्याइतकाच मोलाचा वाटतो. आणि जास्त वीज म्हणजे जास्त वाढ, असं तर मुळीच नाही: दाब फार वाढवला तर पाण्याचंच विघटन होतं, आम्लता बदलते, पेशी मरतात.

‘जैवसुसंगत’ हा शिक्काही कायमचा नसतो. पेडॉट-पीएसएसमधलं पीएसएस आम्लधर्मी असतं, थर नीट धुवावा लागतो. ओला झाला की तो फुगतो, सुटून येऊ शकतो, म्हणून शाईत जोडणारं रसायन घालतात. मऊपणाचंही तेच. एमआयटीच्या गटाने 2020 मध्ये याच पॉलिमरची दाट शाई करून बारीक शलाका छापली आणि उंदराच्या मेंदूतल्या एकेका चेतापेशीचे संकेत टिपले. ओल्या अवस्थेत तो पदार्थ धातूपेक्षा कितीतरी मऊ, तरी मेंदूच्या ऊतीपेक्षा शेकडो पटींनी ताठर.

तुटलेली नस अशा छापलेल्या पट्टीवर लगेच जुळेल, अशी आशा रुग्णाला कुणी दाखवू नये. आज या छपाईचा मोठा उपयोग बशीतल्या प्रयोगांत आहे: त्याच पेशींचे संकेत दिवसेंदिवस टिपायचे, त्यांच्यावर औषध सोडायचं आणि संकेत कसे बदलतात ते पाहायचं.