अस्सल कोणते? एका युद्धकालीन जीपचे निदान

रुग्णाच्या फाइलमध्ये लिहिलेले असते ते आणि तपासणीच्या टेबलावर आढळते ते नेहमीच जुळते असे नाही, हे वैद्यकातील मंडळींना निराळे सांगायला नको. माझ्या घरामागील शेडमध्ये 2015 साली येऊन दाखल झालेल्या ‘रुग्णा’च्या बाबतीत तोच अनुभव आला. नोंदणीपुस्तकात ‘विलीज, 1944’ एवढेच होते. तपासणीत मात्र निराळाच इतिहास उलगडत गेला.

ही जीप खानापूर तालुक्यात चाळीस वर्षे वैद्यकी केलेल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांची. आमच्या पिढीतील कित्येकांचे ते ‘डॉक्टरकाका’. युद्धानंतर शिल्लक लष्करी वाहने विक्रीस निघाली, त्यांतील ही एक, फिरत फिरत त्यांच्याकडे आलेली. पावसाळ्यात अडलेली बाळंतीण बेळगावला आणायची तर या गाडीखेरीज दुसरे साधन नसे. त्यांच्या पश्चात मुलाने ती माझ्या स्वाधीन केली आणि एकच अट घातली : “करायचे ते करा, पण खोटे काही करू नका.” ही अट किती अवघड आहे, हे मला पुढे कळले.

जीपविषयी थोडी पार्श्वभूमी सांगतो. पहिला नमुना बँटम या छोट्या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर 1940 मध्ये सैन्यापुढे ठेवला. मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र विलीज आणि फोर्ड या दोघांनी केले : विलीजने ‘एमबी’ या नावाने सुमारे 3 लाख 60 हजार, तर फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’ या नावाने सुमारे 2 लाख 78 हजार. आराखडा एकच, आणि एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे ही सैन्याची अट. म्हणूनच दोन्ही गाड्या दुरून जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. फरक शोधायचा तर खाली वाकावे लागते.

चासीचा पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे रेडिएटरखालचा आडवा दांडा, विलीजमध्ये गोल नळीचा असतो. फोर्डमध्ये उलट्या चौकोनी पन्हळीसारखा. विलीजचा क्रमांक डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला, बंपरमागे, रिव्हेटने बसवलेल्या छोट्या पट्टीवर असतो. फोर्डने तो डाव्या दांड्याच्या वरच्या पृष्ठावर थेट धातूत ठोकला. आमच्या गाडीचा क्रॉस मेंबर चौकोनी निघाला. डाव्या दांड्यावरील रंगाचे थर हलक्या हाताने उतरवले तेव्हा ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरे आणि 1943 च्या उत्तरार्धात बसणारा क्रमांक दिसू लागला. नोंदणीपुस्तकातील ‘विलीज’ गळून पडले.

मग इंजिनकडे वळलो. उजव्या बाजूस, तेलाच्या फिल्टरजवळील सपाट जागेवरचा क्रमांक ‘एमबी’ने सुरू होत होता. म्हणजे चासी फोर्डची आणि हृदय विलीजचे! मी खट्टू झालो. फोर्डच्या नव्या गाडीत चासी आणि इंजिन यांवर एकच क्रमांक असे. तो मेळ येथे तुटला होता. पण विचार केल्यावर लक्षात आले की हे प्रत्यारोपण कदाचित युद्धकाळातीलच असेल. लष्करी कार्यशाळांत गाड्या उघडल्या जात, दुरुस्त इंजिने ढिगातून उचलून बसवली जात; कोणते इंजिन कोणाचे, हे पाहायला कोणाला सवड होती? सुटे भाग अदलाबदल करता यावेत हाच तर आराखड्याचा हेतू होता. इंजिन मी बदलले नाही.

सगळ्याच बाबतीत मात्र अशी उदारता चालत नाही. पुढच्या जाळीला सात उभ्या खाचा होत्या आणि दिवे मोठे होते. युद्धकालीन दाबीव जाळीला नऊ खाचा असतात. सात खाचा आणि मोठे दिवे ही 1945 नंतरच्या नागरी जीपची खूण. लष्करी जीपला मागे उघडणारे फळकेही नसते. आमच्या गाडीला ते होते. त्याच्या कडांवर मूळ कारखान्याच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके नव्हते, गॅस वेल्डिंगची ओबडधोबड रेघ होती. कुणीतरी सामान चढवण्याच्या सोयीसाठी मागची भिंत कापली होती, हे एवढ्यावरून उघड झाले.

रंगही इतिहास सांगतो. सीटखालच्या, ऊन न लागलेल्या जागी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासला की थर एकाबाहेर एक कड्यांसारखे दिसतात : फिकट निळा, करडा, चकचकीत हिरवा आणि तळाशी, प्रायमरवर, चमक नसलेला ऑलिव्ह. येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून एक सूचना केल्यावाचून राहवत नाही. जुन्या रंगांत शिसे असते. रंग कोरडा घासू नये, धूळ घरात जाऊ देऊ नये आणि मुलांना शेडमध्ये अजिबात येऊ देऊ नये. रक्तातील शिशाची मुलांसाठी निर्धोक अशी पातळीच ज्ञात नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्या काळच्या लष्करी उपकरणांच्या अनेक तबकड्यांवर रेडियमचा लेप असे. चमक गेली म्हणजे रेडियम गेले असे नाही. त्याचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षे आहे. अशी तबकडी उघडून साफ करण्याचा मोह टाळावा.

आता बोल्टची गोष्ट. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, वळणदार ‘एफ’ हे अक्षर उमटवले. त्यामुळे अशा बोल्टना आज शौकिनांत मोठी किंमत येते. एका व्यापाऱ्याकडून मी मोठ्या हौसेने दोन डझन घेतले. ते चासीत फिरेनात. आमच्या वृद्ध मिस्त्रींनी पिच गेज लावला आणि हसले. मूळ बोल्ट 5/16 इंचाचा, इंचाला 24 आट्यांचा. माझ्या हातातला आठ मिलिमीटरचा, मेट्रिक. जाडीत फरक जेमतेम सहा शतांश मिलिमीटरचा, पण आटे खोटे बोलत नाहीत. हातपंचाने ‘एफ’ ठोकलेले ते आजचेच बोल्ट होते. आट्यांचाच आणखी एक धडा : डाव्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेल्या कुणीतरी त्यांतील दोन पूर्वीच मोडून ठेवले होते.

जे भाग मिळतच नाहीत ते घडवावे लागतात. आमचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला होता. या इंजिनाचे हे जुने दुखणे आहे. बेळगावात फौंड्रींची वाण नाही. पण जुना भागच साचा म्हणून वाळूत दाबून बीड ओतले तर नवा भाग लहान निघतो, कारण निवताना बीड सुमारे एक टक्का आकसते. फूटभर लांबीत हा फरक तीन मिलिमीटरचा, आणि तेवढ्याने स्टडची भोके चुकतात. म्हणून पॅटर्नमेकरने आकस गृहीत धरून लाकडी पॅटर्न केला आणि तासावयाच्या पृष्ठांवर अधिक जाडी ठेवली. मापे घेताना झिजलेल्या जागा सोडून न झिजलेल्या जागांवर भरवसा ठेवावा लागतो. नाहीतर आपण भागाबरोबर त्याची झीजही नव्याने घडवतो. संदर्भासाठी फेब्रुवारी 1944 चे सैन्याचे माहितीपुस्तक टी. एम. 9-803 आणि सुट्या भागांची जी-503 ही यादी उशाशी होती.

पॅटर्न तयार होताना फौंड्रीतल्या गृहस्थांनी सहज विचारले, “डॉक्टर, ‘एफ’ टाकू का? पैसे नकोत.” खरे सांगतो, क्षणभर मोह झाला. कुणाला कळणार होते? पण काकांच्या मुलाची अट आठवली. नव्या मॅनिफोल्डवर, इंजिनाकडील न दिसणाऱ्या बाजूस, ‘2017’ एवढेच उमटवले. मागची भिंत, जाळीचे कंस, दोन स्टड, जे जे नवे केले त्या सर्वांवर साल आहे. ते बोल्ट मी भंगारात दिले, तेही डोकी घासून.

सर्वांत मोठा पेच उरला तो हूडच्या कमानीचा. मूळची लष्करी कमान, पण तिच्या मधोमध लोखंडी आकडा वेल्ड केलेला. डॉक्टरकाका त्यावर सलाईनची बाटली अडकवीत. जाणकार मित्र म्हणाले, “1943 ची गाडी करायची तर हा कापलाच पाहिजे.” तर्क निर्दोष होता. शेवटी नळी वाकवून, मापे तंतोतंत घेऊन, आकडा नसलेली दुसरी कमान करून घेतली. प्रदर्शनाला गाडी जाते तेव्हा ती लावतो. दोन बोल्ट काढले की बदलता येते. एरवी गाडीवर जुनीच असते. काकांच्या मुलाला पहिली फेरी मारायला बोलावले तेव्हा त्याने बसण्यापूर्वी हात वर करून आकडा चाचपला आणि मग म्हणाला, “चला.”