सात हजारांचं ताट

बाळाच्या उष्टावणाच्या दिवसापासून एक नेम धरायचा: रोज एक नवी वनस्पती खाऊ घालायची, एकदा खाल्लेली पुन्हा नाही. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 2020 च्या अहवालात माणसाला खाता येणाऱ्या 7,039 वनस्पतींची नोंद आहे. त्या संपेपर्यंत ते बाळ विशीला टेकलेलं असेल. याच अहवालात दुसरा आकडा आहे, 15 चा. माणसाच्या अन्नातली 90 टक्के ऊर्जा अवघ्या 15 पिकांतून येते. म्हणजे जगाचं खरं ताट पंधरवड्यातच संपतं. त्यातही भात, गहू आणि मका या तिघांवर सुमारे 400 कोटी माणसं जगतात.

आकड्यांमधली ही दरी या अहवालाच्या कितीतरी आधी केन फर्न यांना अस्वस्थ करत होती. ते लंडनमध्ये बस चालवत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फर्न दांपत्याने इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, 28 एकर जमीन घेतली आणि तिथे सुमारे 1,500 प्रकारच्या उपयोगी वनस्पती लावल्या. सोबत नोंदी वाढत गेल्या. त्यांतूनच ‘प्लांट्स फॉर अ फ्यूचर’ हा संग्रह उभा राहिला. आज त्यात सात हजारांहून अधिक वनस्पती आहेत. माती कशी लागते, थंडी किती सोसते, पान खायचं की कंद, विष कुठे असतं, साल दोराला चालते का, फुलातून रंग निघतो का, हे सगळं एकेका वनस्पतीपुढे लिहिलेलं. त्यांचा भर बहुवर्षायू झाडांवर होता. एकदा लावलं की वर्षानुवर्षं देणारी, दरवर्षी नांगर न मागणारी ही झाडं. एका माणसाच्या ध्यासातून इतकं उभं राहतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बरं, अशा यादीतली एकेक ओळसुद्धा दिसते तेवढी लहान नसते. यादीत ‘भात’ ही एकच ओळ. पण फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या बीजपेढीत भाताचे, त्याच्या रानटी भाऊबंदांसह, 1,32,000 हून अधिक नमुने आहेत. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या दिवसापासून रोज एक नमुना शिजवत आलो असतो, तरी ते अजून संपले नसते. आणि आपण दुकानात जाऊन ‘कोलम आहे का?’ एवढंच विचारतो.

आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं असंच वाण-वाण करून जपलं. त्यांना पद्मश्री मिळाली. पण रानातल्या भाज्यांचं बियाणं सहसा कुणी डब्यात भरून ठेवत नाही. टाकळा, कुर्डू, फोडशी, कवळा, भारंगी, कर्टुली आपापल्या वेळी आपापल्या जागी उगवतात, आणि ओळखणारी नजर असेल तरच भाजी होतात.

नजरेबरोबर हातही लागतो. मे सरता सरता ठाणे-पालघरच्या बाजारात शेवळं येतात. मातीतून थेट वर आलेला लांब कोंब, बाहेरून जांभळट-तपकिरी आवरण, आत पिवळा दांडा. तशीच शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की पुन्हा नाव काढायचं नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात. म्हणून पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं आणि काकडांचा आंबट रस घालूनच शिजवायचं. काकड म्हणजे त्याच दिवसांत धरणारं हिरवं, बोराएवढं रानफळ. खाज मोडायचं औषध त्याच मोसमात, त्याच रानात तयार असतं. हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल? किती घसे सोलवटले असतील? सात हजारांतली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी अशाच धाडसावर उभी आहे.

गेल्या वर्षी बाजारात मी दोन जुड्या घेतल्या आणि निघालो. पाटीमागून मावशींनी हाक मारली, “दादा, काकडं घेतल्याबिगर कुठं चाललाव?” आणि वर्तमानपत्राच्या कागदात दोन मुठी बांधून दिल्या. त्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.