हरलो, पण पोहोचलो!

२२ एप्रिल १९९८ची रात्र. शारजात भारत-ऑस्ट्रेलिया सामना, आणि इथे घरोघरी ताटं टीव्हीपुढे आलेली. जिंकायला हव्या होत्या २८५ धावा. पण २५४ झाल्या, तरी धावगतीवर न्यूझीलंडला मागे टाकून फायनल गाठता येणार होती. झालं, वादाला तोंड फुटलं. ‘आधी फायनल गाठा,’ वडीलधारे म्हणत. ‘मग जिंकायचं कुणी?’ पोरं उसळत.

त्यातच वाळूचं वादळ उठलं आणि खेळ थांबला. चार षटकं कापली गेली. नवे आकडे आले : २७६ आणि २३७. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिली चालू लागल्या. षटकं चार कमी आणि धावा फक्त नऊ? हा कुठला न्याय?

सचिन खेळत होता तोवर कुणी जागा बदलायची नाही, हा तर अलिखित कायदाच. पाणी प्यायला उठलेल्यालाही दटावून खाली बसवलं जाई. धावगतीशी देणंघेणं नसलेली आजी एवढंच विचारी, ‘सचिन आहे ना रे?’

२३७ झाल्या. वडीलधाऱ्यांनी हुश्श केलं. सचिन मात्र जिंकायलाच निघाला होता! १३१ चेंडूंत १४३ काढून तो बाद झाला, तेव्हा दोन्ही पक्ष सारखेच गप्प झाले. भारत २५०वर थांबला.

दोन दिवसांनी फायनल. त्याच दिवशी सचिनचा पंचविसावा वाढदिवस. मंडळी पुन्हा आपापल्या जागी बसली. जागा बदलायची कुणाची हिंमत? सचिनने १३४ धावा काढल्या आणि कप भारताने जिंकला.