कामठी ते ब्रह्मदेश : दुसऱ्या महार बटालियनची वाटचाल

१ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशापर्यंत गेलेल्या महार बटालियनबद्दल विचारले, तर आपण गप्प होतो. ही बटालियन तर आपल्या विदर्भातच, कामठीला उभी राहिली.

ती उभी राहायला इतका काळ का लागला? १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभारली आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. गरज असेल तोवर सैनिक, गरज सरली की पुन्हा अस्पृश्य!

जुलै १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. महारांच्या स्वतंत्र पलटणीचा त्यांनी आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली महार बटालियन उभी राहिली. १९४२ मध्ये कामठीला दुसरी आणि नौशेराला तिसरी उभारली गेली. पहिली व तिसरी वायव्य सरहद्दीवर राहिल्या. दुसरी आधी देशातल्या बंदोबस्तावर होती, नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. तिथे तिच्या पाच जणांची हानी झाली आणि एका अधिकाऱ्याचा युद्धखलित्यात गौरवाने उल्लेख झाला. युद्धानंतर ती इराकला गेली. या वेळी मात्र रेजिमेंट मोडली नाही. १९४६ मध्ये ती मशिनगन रेजिमेंट झाली आणि फाळणीच्या काळात तिने पंजाबात निर्वासितांच्या काफिल्यांचे रक्षण केले.

पाच हा आकडा महायुद्धाच्या हिशेबात लहान वाटेल. पण ज्यांच्या घरचा माणूस गेला, त्यांच्यासाठी तो लहान नव्हता. आपल्याला मात्र त्यांची नावेही सांगता येत नाहीत.

म्हणून वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या तालुक्यांतल्या तरुणांना आमचे सांगणे आहे : घरातली जुनी पेटी उघडा. डिस्चार्जचे कागद, पत्रे, फोटो जपा. सहा टोकांचा ‘बर्मा स्टार’ सापडला, तर ती ब्रह्मदेश आघाडीची खूण समजा. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या नोंदींत आपली गावे अकोला जिल्ह्यात शोधा. मृतांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर रेजिमेंटनुसार शोधता येतात.

पुढच्या १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना देताना या सैनिकांची नावेही आपल्याला वाचता यावीत.

जय भीम!